पितृपक्षापूर्वी अनिवासी

परदेशी जाताना खरी अडचण व्हिसाची असते, असा आमच्या घराण्याचा पूर्वापार समज आहे. लॅपटॉप उघडून कुठूनही पोट भरणाऱ्या माणसांसाठी काही देशांनी डिजिटल नोमॅड व्हिसा काढल्यापासून मात्र तो समज जुना झाला आहे. एस्टोनियाने तो २०२० मध्ये काढला, क्रोएशियाने २०२१ मध्ये आणि पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये. पोर्तुगालची मुख्य अट तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाईची आहे. २०२५ मध्ये ते वेतन ८७० युरो होते, म्हणजे चौपट झाले महिना ३,४८० युरो. हा आकडा ऐकून बाबांनी, "इतके मिळत असतील तर कोथरूड काय वाईट आहे?" असे जे विचारले, त्याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

व्हिसाची कागदपत्रे जमवणे हे कष्टाचे असले तरी सरळ काम आहे. गुंता सुरू होतो तो आमच्या सीएंच्या टिळक रोडवरील कार्यालयात, जिथे जोडे बाहेर काढावे लागतात आणि आत गेल्यावर फायलींच्या दोन गठ्ठ्यांमधून साहेबांचा फक्त चष्मा दिसतो. मी मोठ्या उत्साहाने लिस्बनचे वर्णन करू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले. "कुठे जाणार ते राहू द्या. कधी जाणार ते सांगा."

त्यांचे म्हणणे असे की, कर वर्षात भारतात १८२ दिवस भरले की माणूस निवासी ठरतो आणि निवासी माणसाच्या जगभरातल्या कमाईवर भारताचा हक्क लागतो. एरवी वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले तरी तो निवासीच. परंतु कामासाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला सोडतानाच्या वर्षापुरती ही साठाची अट १८२ पर्यंत सैल करून मिळते, आणि स्वतःचा व्यवसायही 'कामा'त धरावा असे निवाडे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा आला, त्यात कलमांचे क्रमांक बदलले, दिवसांचा हिशेब तोच राहिला. तीस वर्षे पाठ केलेली कलमे वाया गेल्याचे दुःख साहेबांच्या स्वरात स्पष्ट जाणवत होते. त्यांनी कॅल्क्युलेटरवर महिने मिळवले आणि निकाल दिला, "२८ सप्टेंबरपर्यंत गेलात तर अनिवासी. २९ तारीख इथे उजाडली की १८२ भरले."

हा निकाल मी घरी आईला सांगितला आणि तिने भिंतीवरचे कालनिर्णय काढून मांडीवर घेतले. यंदा गणपती उशिरा आहेत. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आणि तिच्यामागे लगोलग पितृपक्ष. "पितृपक्षात देश सोडायचा नाही," ती म्हणाली, "आणि विसर्जनाच्या आधी तर मुळीच नाही." दोन्ही अटी पाळायच्या तर मधे जेमतेम एक दिवस उरतो, आणि त्या दिवशी पुण्यात मिरवणूक अजून चालूच असते. मी २८ तारखेच्या रात्रीचे विमान सुचवले. पण मुंबईहून युरोपला जाणारी रात्रीची विमाने बहुधा मध्यरात्र उलटल्यावर सुटतात. पासपोर्टवर शिक्का २९ चा पडला तर पितरही नाराज आणि आयकर खातेही.

पोर्तुगालऐवजी क्रोएशिया गाठावा, असा एक पर्याय मी मांडून पाहिला, कारण या व्हिसावर राहणाऱ्याच्या परदेशी कामाच्या कमाईवर तिथे आयकर लागत नाही. साहेब प्रथमच हसले. ज्या भारतीय नागरिकाचे, परदेशी स्रोत वगळून, उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि जो दुसऱ्या कोणत्याही देशात करपात्र नाही, त्याला आपला कायदा २०२० च्या दुरुस्तीपासून इथलाच निवासी मानतो. जावई सासरी नांदत नसेल तर माहेरच्यांनीच त्याला ठेवून घ्यावा, तसा हा न्याय आहे. माझे ग्राहक सगळे परदेशी आहेत, असे मी सांगितले, तर त्यांनी विचारले, "व्यवसाय उभा कुठे केलात?" मी म्हणालो, घरच्या जेवणाच्या टेबलावर. "मग तो भारतात उभारलेला व्यवसाय. त्याची कमाई परदेशी स्रोतात जात नाही." ज्या टेबलावर मला लोणच्याच्या बरणीला हात न लावता टंकलेखन करावे लागते, त्याला कायद्याने एवढी प्रतिष्ठा दिलेली पाहून मला क्षणभर भरून आले.

पोर्तुगालला गेल्यावर तरी सुटका आहे काय? तिथे १८३ हून अधिक दिवस राहिले की तोही देश आपल्याला निवासी मानतो, आणि त्याचे वर्ष जानेवारीपासून चालते, आपले एप्रिलपासून. दोन्ही देशांनी एकाच वेळी हक्क सांगितला, तर दुहेरी कर टाळण्याच्या कराराप्रमाणे आधी कायमचे घर कुठे आहे ते पाहतात. घर दोन्हीकडे असेल, तर वैयक्तिक आणि आर्थिक संबंध कुठे अधिक घट्ट आहेत ते तपासतात. ही कसोटी ऐकून आईने तत्काळ प्रतिज्ञापत्र लिहून देण्याची तयारी दाखवली. "तुझे सगळे संबंध इथेच घट्ट आहेत, मी सही करते." ते कागद आयकर खात्याच्या बाजूने जातील, हे तिला समजावण्याचे धैर्य मला झाले नाही.

पुढच्या वर्षांत सुट्टीला यायचे तर तेही मोजून. भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर मर्यादा १८२ वरून १२० दिवसांवर येते. त्यामुळे मामेभावाचे लग्न, मावशीचे मोतीबिंदू आणि दिवाळी यांच्यात दिवस वाटून देण्याचे काम बाबांनी आपल्याकडे घेतले आहे, आणि मावशीचा वाटा कमी केल्यामुळे तिचा फोन येणे बंद झाले आहे.

निघताना साहेबांनी बिल पुढे केले. शुल्कावर १८ टक्के जीएसटी होता. मी तो पाहत राहिलो, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि प्रथमच आपुलकीने सांगितले की, मी तिकडे स्थायिक होऊन तिथून सल्ला विचारला आणि पैसे युरोत पाठवले, तर त्यांची सेवा निर्यात ठरेल आणि जीएसटी लागणार नाही. "तेव्हा उरलेले प्रश्न," ते म्हणाले, "पोचल्यावर विचारा."