हवा खाणारा पंप

आमच्या शॉवरला पाण्याच्या तीन धारा यायच्या. त्यातली एक भिंतीवर, एक कानात. तिसरीखाली आपणच सरकत राहायचं. डोक्याचा शाम्पू निघेपर्यंत आधी धुतलेले पाय खडखडीत वाळलेले असायचे.

कारण साधं होतं. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर नळाला साधारण एक बार प्रेशर मिळतं. आमची टाकी शॉवरच्या दीड मीटर वर, म्हणजे जेमतेम ०.१५ बार. हे मी बायकोला कागदावर आकृती काढून समजावलं. ती म्हणाली, "गणित कळलं हो, पण केस कशाने धुऊ?"

म्हणून पंप आणला. सोबत माहितीपुस्तिका होती. ती पंपाखाली घातली तर थरथर कमी होते, एवढाच तिचा उपयोग मी केला.

गार पाण्याची लाइन मी थेट टाकीवरून वेगळी आणली आणि ती चक्क बरोबर निघाली. या लेखात माझ्या कौतुकाची जागा एवढीच. गरम पाण्याच्या सिलिंडरच्या माथ्यावरून एक पाइप निघून वर टाकीच्या तोंडावर वाकलेला होता. आयता पाइप समोर असताना आणखी उपद्व्याप कोण करणार? त्यातच टी (तीन तोंडांचा जोड) बसवला, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली (निम्मी टेप, निम्मी बोटं), पंप जोडला आणि कपडे काढून शॉवरखाली उभा राहिलो.

पहिले दहा सेकंद स्वर्ग. मग पंप खाकरला. शॉवरने 'फुस्स' केलं, पाण्याची एक सणसणीत थोबाडीत दिली आणि पुन्हा 'फुस्स'. पंपाचा आवाज तर तोंडात खडे घेऊन गुळण्या कराव्यात तसा. बाहेरून बायको ओरडली, "अहो, आत आणखी कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. कशालाही हात न लावता कमरेवर हात ठेवून बराच वेळ नुसता बघत राहिला. डॉक्टर असे बघायला लागले की माणूस खचतो.

"हे कोणी केलं?"

"आधीच्या माणसानं," मी म्हणालो.

"त्याची टेप तुमच्या बोटाला कशी काय, साहेब?"

मग त्याने माझी शिकवणी घेतली. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते, सिलिंडरच्या माथ्याशी जमते आणि त्या वाकड्या पाइपने वर निघून जाते. तो पाइप म्हणजे हवेची वाट. "आणि तुम्ही पंपाला नेमकं तिथं तोंड लावायला दिलंत. पाण्याऐवजी हवा खातोय तो. असाच कोरडा फिरला की त्याचं सील जळतं."

त्याने सिलिंडरचा माथा रिकामा होईल एवढं पाणी काढलं, वरचा जोड उघडला आणि तिथे सरे फ्लँज बसवला. दिसायला पितळेचा किरकोळ तुकडा. पण हवा पूर्वीसारखी वर जाते आणि आत उतरलेली एक नळी हवेच्या खालचं निव्वळ पाणी पंपाला देते. कुठे भोक पाडावं लागलं नाही. थर्मोस्टॅट मी कौतुकाने शेवटच्या आकड्यावर ठेवला होता, तो त्याने ६० अंशांवर आणला. पाणी जितकं कढत, तितकी हवा जास्त. जाताना पंपाखालची पुस्तिका ओढून काढली, झटकली आणि माझ्या हातात दिली. चौथ्या पानावर हे सगळं चित्रासकट होतं.

आता शॉवर असा बरसतो की साबण हातात टिकत नाही. परवा मी मनसोक्त गात उभा होतो, डोक्यावर फेसाचा डोंगर, आणि पाणी एकाएकी बर्फ झालं. पूर्वी जे सिलिंडर घरभराच्या आंघोळी उरकून उरायचं, ते मी एकट्याने दहा मिनिटांत संपवलं होतं.

"अहो, माझ्यापुरतं गरम पाणी ठेवलंय ना?" बाहेरून आवाज आला.

पंप जोरात चालू होता. मला काही ऐकू आलं नाही.