डूम म्हणजे फक्त सर्वनाश नव्हे

तुमचा लेख आवडला, पण डूमस्क्रोलिंगबद्दल (फोनवर वाईट बातम्या एकामागून एक बघत राहण्याची सवय) सांगताना डूम म्हणजे सर्वनाश एवढंच लिहून पुढे गेलात ते खटकलं, कारण या शब्दाची खरी गंमत त्याच्या आधी आहे. जुन्या इंग्रजीत तो दोम असा होता आणि अर्थ होता निवाडा, कायदा. नवव्या शतकातल्या इंग्रज राजा आल्फ्रेडच्या कायद्यांच्या पुस्तकाला दोमबोक म्हणायचे, यात भीतीदायक काहीच नाही बघा. १०८६ साली इंग्लंड जिंकून राजा झालेल्या विल्यम द कॉन्कररने इंग्लंडभर जमिनी, नांगर, गिरण्या, अगदी डुकरं सुद्धा मोजून घेतली, त्या दप्तराला लोकांनीच डूम्सडे बुक नाव पाडलं, का तर त्यात एकदा नोंद झाली की जगाच्या अंती होणाऱ्या देवाच्या शेवटच्या निवाड्यासारखं त्यावर अपील नाही.

आणि इथेच अर्थ फिरला असं मला वाटतं. चर्चच्या भिंतींवर त्या शेवटच्या दिवसाची चित्रं असायची, एकीकडे स्वर्गात जाणारे दुसरीकडे नरकात ढकलले जाणारे, इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या सेंट थॉमस चर्चमधे असं एक मोठं चित्र अजून आहे. लोकांच्या डोक्यात नरकच राहिला, निवाडा मागे पडला. पण किंगडम, फ्रीडम मधला डम तोच, डीम (मानणे, ठरवणे) हे क्रियापद त्याच घरातलं, आणि इंग्लंड-आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर न्यायाधीशाला आजही डीमस्टर म्हणतात!

अजून एक, याचं मूळ आपल्या धा धातूशी (ठेवणे) जुळतं, म्हणजे चारधाममधलं धाम आणि हा डूम लांबचे भाऊबंद. लेखात हे यायला हवं होतं हो.