पालकांनी औटकी कशी विसरावी

मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले असेल, तर आपल्याला गणित येते हा समज पालकांनी वावराच्या धुऱ्यावरच ठेवून घरी यावे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. तो मिळाला असे क्षणभर धरले, तर साडेतीन क्विंटलचे 28,385 रुपये तुम्ही काट्यासमोर उभ्याउभ्या सांगाल, आणि आमचे आबाजी औटकीच्या, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याच्या, जोरावर तुमच्याही आधी सांगतील. परंतु याला आता गणित म्हणत नाहीत, कारण यात रीत दाखवलेली नसते.

मी स्वतः ही चूक करून बसलो आहे. चौथीतल्या मुलीला 48 गुणिले 25 करायचे होते. चार पंचविसे शंभर आणि अठ्ठेचाळिसात चार बारा वेळा, म्हणजे बाराशे, असे मी सांगितले आणि तिनेही ते तसेच वहीत उतरवले. दुसऱ्या दिवशी बाराशेभोवती लाल गोल होता. "बाबा, उत्तर बरोबर आहे, पण रीत दाखवा लागते," असे तिने मला अत्यंत समजूतदारपणे सांगितले. तेव्हापासून मी उत्तर आले तरी तोंड मिटून बसतो. आपणही तसेच बसावे.

आकडे मोठ्याने वाचण्याचाही मोह आवरावा. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा बराच गदारोळ झाला. खरे सांगायचे तर त्यामागचा विचार अगदीच टाकाऊ नव्हता: बावन्न म्हणताना दोन आधी येतात आणि लिहिताना पाच, त्यामुळे पोरे 52 चे 25 करतात, हे प्रत्येक गुरुजींनी पाहिले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेपलीकडे तेलुगूत दशक आधीच बोलतात आणि तिथला बाजार काही बंद पडलेला नाही. आबाजींना मात्र हे पटेना. "व्यापारी सत्तावन्न किलो म्हणेल अन् पोरगी पन्नास सात म्हणेल, मधले सात किलो कोणाचे?" असे त्यांनी विचारले. अशा प्रश्नांना घरात उत्तर देऊ नये.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र शासनाचे उपकार मानावेत. 2023-24 पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे चार भाग झाले आणि दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून वहीची कोरी पाने पुस्तकातच शिवली गेली. आमच्या घरी त्या पानांवर कापूस वेचणाऱ्या बायांचा हिशेब राहू लागला: नाव, किलो, उचल, बाकी. गणिताच्या पुस्तकात एवढे खरे गणित पूर्वी कधी आले नसावे. जानेवारी 2025 मध्ये हा प्रयोग बंद करण्याचा निर्णय झाला, आणि पुढच्या वेचणीचा हिशेब मला पुन्हा बियाण्याच्या पिशवीवर मांडावा लागला.

चाचण्यांची धास्ती घेऊ नये, कारण त्या इतक्या आहेत की धास्ती पुरत नाही. पायाभूत झाली की संकलित एक, ती झाली की संकलित दोन; शिवाय गुण ऑनलाइन भरायचे असल्याने गुरुजी फळ्याकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त पाहताना दिसले, तर तोही अभ्यासक्रमाचाच भाग समजावा. 2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या. विदर्भातला एप्रिल ज्यांनी वेळापत्रकातच पाहिला आहे, त्यांना यात काही वावगे वाटण्याचे कारण नाही. आपण मुलाच्या टोपीखाली ओला दुपट्टा ठेवावा आणि खिशात कांदा द्यावा. रीत दाखवण्याच्या प्रश्नांना त्याचा थोडाफार उपयोग होतो.

राहता राहिले आबाजी. दीडकी, अडीचकी, औटकी तोंडपाठ असलेला माणूस चाचणीच्या दिवसांत ओसरीवर बसलेला असणे धोक्याचे आहे. त्यांना आठवडाभर मोठ्या लेकीकडे पाठवून द्यावे. तिच्या घरी सध्या शाळेत जाणारे कोणी नाही.