स्टेशनपासून पाच मिनिटं

मुंबईत घर घ्यायचं ठरवलंत? अभिनंदन. आता पहिलं काम करा, शहराचा नकाशा गुंडाळून माळ्यावर टाका. माळा नसेल तर बिल्डरला सांगा, तो त्याला लॉफ्ट म्हणेल आणि वेगळे पैसे लावेल.

शाळेत तुम्ही शिकलात ती मुंबई सात बेटांची. कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम वगैरे. इंग्रजांनी भराव घालून बेटं जोडली, पण भराव घातल्यावर त्या जागेला काय म्हणायचं याची अक्कल त्यांना नव्हती. ती आपल्याकडच्या सेल्स ऑफिसांना आहे. आमच्या लहानपणी लोअर परळ हे एक स्टेशन होतं आणि आसपास गिरण्यांची धुराडी होती. १९८२चा संप झाला, भोंगे बंद पडले, यथावकाश जमिनी मोकळ्या झाल्या आणि परळची वरळी झाली. साधी नव्हे, अप्पर वरळी. अप्पर कशाच्या वर, असं विचारू नका. मूळची वरळी समुद्राला टेकून आहे, ही आत, रुळांच्या बाजूला. वर आहे तो भाव.

तेव्हा एरियाची ओळख करून घ्यायची ती ब्रोशरमधूनच. ब्रोशरमध्ये प्रत्येक ठिकाण दुसऱ्या कुठल्यातरी ठिकाणाच्या जवळ असतं. अटल सेतू झाल्यापासून पनवेलच्या पलीकडचं शेतही साऊथ मुंबईपासून अमुक मिनिटांवर आलंय. शेतातून सेतूपर्यंत जायला लागणारी मिनिटं त्यात धरत नाहीत, कारण तो प्रवास तुमचा खासगी.

मराठी माणसाचं काम तसं सोपं आहे. त्याला विचारा, घर कुठे हवं? दादर. शिवाजी पार्काच्या बाजूला मिळालं तर उत्तम, नाहीतर हिंदू कॉलनी चालेल, अगदीच झालं तर पार्ले ईस्ट. आणि बजेट? बदलापूर. पार्ल्याबद्दल एक सांगतो. तिथे स्टेशनवर उतरलं की बिस्किटं भाजल्याचा वास यायचा. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. वास गेला, भाव राहिला.

आता पाच मिनिटांचं. मुंबईतलं प्रत्येक घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतं. आमचंही आहे. ही पाच मिनिटं मी स्वतः मोजलीत. रविवारी सकाळी अकरा वाजता ब्रोकरच्या अ‍ॅक्टिव्हावर मागे बसून, वन-वेमधून उलटं गेलं, तर सात मिनिटं लागतात. सोमवारी सकाळी आठला शेअर रिक्षाच्या रांगेतच अठरा जातात, आणि तिथून पुढे रिक्षा जिथे थांबते तिथे मेट्रोचे बॅरिकेड सुरू होतात. आमच्या रस्त्यावरून मेट्रो ४ जायची आहे, वडाळ्याहून घोडबंदर रोडकडे. काम २०१८ मध्ये सुरू झालं. ब्रोशरमधली मेट्रो मात्र त्याच्या आधीपासून धावते आणि आतले प्रवासी सगळे गोरे आहेत. बसायलाही मिळालंय त्यांना.

घर बघायचा मुहूर्त सांगून ठेवतो. फेब्रुवारीतला रविवार, सकाळी अकरा ते एक. जुलैत चुकूनही फिरकू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठल्या गल्लीत पाणी कंबरेला होतं आणि कुठल्या गल्लीत मीटर बॉक्सच्या वर, हे सांगणारे लोक अजून त्याच गल्ल्यांत राहतात. त्यांच्या नादी लागू नका. हिंदमाता, मिलन सबवे, गांधी मार्केट ही नावं मुंबईकराला अष्टविनायकासारखी पाठ असतात, त्यांत आणखी एकाची भर कशाला?

त्यातूनही वॉचमन आणि पानवाला ही दोन माणसं कटाक्षाने टाळा. पानवाल्याला सगळं ठाऊक असतं. टँकर किती वाजता येतो, कुठल्या विंगची लिफ्ट मे महिन्यापासून बंद आहे, बिल्डरच्या पोराने दुसरं ऑफिस कुठे काढलंय. एकदा त्याच्याकडे उभं राहून सोडा प्यायलात तर गुळगुळीत कागदावरचं चाळीस पानी ब्रोशर फुकट जाईल. नाकाचंही तसंच. आमच्या बाजूला कांजूरचं डंपिंग ग्राउंड आहे. वारा फिरला की रात्री दहानंतर वास येतो. सेल्स ऑफिस सातला बंद होतं.

सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना घरातलं म्हातारं माणूस बरोबर नेऊ नका. मी ही चूक केली. कांदिवलीला एक सॅम्पल फ्लॅट बघायला आत्याला घेऊन गेलो. आत्या गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत सात माणसांचा संसार करून मोकळी झालेली. जागा म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुठल्या आर्किटेक्टला कळत नसेल. आत गेलो तर एसी, लव्हेंडरचा वास, भिंतभर आरसा. दारांना चौकटी होत्या, दारं नव्हती, कारण दार उघडलं की ते पलंगाला लागलं असतं. सेल्सच्या मुलीने 'वॉर्डरोब स्पेस' दाखवायला पाठ फिरवली तेवढ्यात आत्या चप्पल काढून मास्टर बेडरूममधल्या पलंगावर सरळ आडवी झाली. आत्याची उंची जेमतेम पाच फूट. टाचा बाहेर.

"मॅम, तो डिस्प्ले आहे," मुलगी म्हणाली.

"मग माणसंपण डिस्प्लेचीच आणायची का?" आत्या उठली आणि स्वयंपाकघरात गेली. फ्रीज कुठे? पॅसेजमध्ये, मॅम. दोरी कुठे बांधायची? मॅम, लोक आता ड्रायर घेतात. डब्यांची फळी? देव कुठे मांडायचे? मुलीने हसून खिडकीखाली मोबाइल ठेवायचा कोनाडा दाखवला. परत येताना आत्या ट्रेनमध्ये एकच वाक्य बोलली, "आमच्याकडे निदान गॅलरी कॉमन होती." कांदिवली रद्द झाली. पुढचं घर मी तिला न दाखवता घेतलं, तुम्हीही तसंच करा.

क्षेत्रफळाची काळजी मात्र करू नका. पूर्वी जिना, लिफ्ट, लॉबी आणि गेटजवळचा गणपती हे सगळं तुमच्या फ्लॅटवर लोडिंग म्हणून चढवायचे. मग बिल्डरांना आवर घालायला २०१६चा रेरा कायदा आला, २०१७ मध्ये त्याचं राज्यातलं ऑफिस, महारेरा, सुरू झालं आणि विकायचं ते कार्पेट एरियावर, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या जागेवर, असं ठरलं. बिल्डर काही रडले नाहीत, त्यांनी गुणाकार नव्याने केला. शिवाय कायद्याच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते. म्हणजे विटांच्या आत तुम्हाला झोपता येत नसलं तरी तिथली मालकी तुमचीच, हप्ताही तुमचाच.

कागदपत्रं वाचू नका, कारण वाचलीत तर हसू येईल आणि समोर वकील बसलेला असतो. मुंबईत इमारत बांधायला महापालिकेचा जो पहिला कागद लागतो त्याला सगळे आयओडी म्हणतात. पूर्ण नाव, इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल. नापसंतीची सूचना! १८८८च्या महापालिका कायद्यातली ही तऱ्हा. आम्हाला हे पसंत नाही, पण या या अटी पाळणार असाल तर बांधा. मुलीच्या प्रेमविवाहाला आमच्या शेजाऱ्यांनी अशाच भाषेत होकार दिला होता. या शहरातल्या एवढ्या टॉवरांचा पाया नापसंतीवर घातलाय, तरी ते उभे आहेत, यातच बांधकामाचा दर्जा दिसतो.

आयओडीनंतर सीसी, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, सीसीनंतर ओसी. ओसी म्हणजे इमारत राहण्याजोगी झाल्याचा दाखला. तो नसताना लोक राहायला जातात, मुलं शाळेत जातात, मुलांची लग्नं ठरतात आणि ओसी प्रोसेसमध्ये असते. "प्रोसेसमध्ये आहे" हे वाक्य नीट पाठ करा. पुढे पाणीपट्टी जास्त दराने का येते, असं पाहुण्यांनी विचारलं की कामाला येतं. त्यानंतर कन्व्हेयन्स, म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं. फ्लॅटविक्रीच्या मोफा कायद्याने ते १९६३ पासून बिल्डरचं कर्तव्य आहे. कर्तव्याची आठवण राहीना म्हणून २००८ मध्ये कायदा बदलून डीम्ड कन्व्हेयन्स आणलं. बिल्डरने जमीन दिली नाही तरी ती दिली असं समजायचं. ज्या देशात पाऊस पडला असं समजून धरण भरत नाही, त्या देशात ही प्रगतीच म्हणायची.

आणि हो, ॲग्रीमेंट रजिस्टर होण्याआधी दहा टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत, असं रेरा सांगतो. हे तोंडातून काढू नका. सेल्सवाले दुखावतात. "सर, ट्रस्ट नाही का आमच्यावर?" असं म्हणून ते जी मान तिरकी करतात ती बघून मी चेकबुक काढलं होतं.

स्टँप ड्युटी मुंबईत सहा टक्के, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर पाच. रजिस्ट्रेशनचे तीस हजार वेगळे. हे कळल्याच्या दुसऱ्या मिनिटाला मी स्त्री-पुरुष समानतेचा कट्टर पुरस्कर्ता झालो. आमचं घर बायकोच्या नावावर आहे. दारावरची पाटी माझ्या नावाची आहे. वीस वर्षांचा हप्ता दोघांच्या पगारातून कापला जातो, आणि भांडण झालं की घराबाहेर कोणी जायचं हा प्रश्न आता कायद्याने सुटलेला आहे.

नवीन परवडत नसेल तर रीसेल बघा. तिथे बिल्डरऐवजी सोसायटीची कमिटी असते. फ्लॅट तुमच्या नावावर करायचे सोसायटीचे पैसे, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियम, पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही असा शासनाचा नियम आहे, आणि तो कमिटीला तोंडपाठ असतो. म्हणून वरची रक्कम तुम्ही बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने देता. स्वेच्छा किती, ते सेक्रेटरी सांगतो. त्याआधी एक छोटी मुलाखत होते. आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग जरा थांबून, सहज, "तुम्ही घरी काय बनवता?" आमच्या एका मित्राने प्रामाणिकपणे बोंबील म्हणून सांगितलं, तो अजून भाड्याने राहतो. तुम्ही खिचडी म्हणा. कोळ्यांच्या मुंबादेवीवरून नाव पडलेल्या शहरात सुकट भाजायची तर आधी शेजारच्यांचा अंदाज घ्यावा, एक्झॉस्ट लावावा आणि उदबत्ती पेटवावी. आम्ही मत्स्याहाराच्या दिवशी इतक्या उदबत्त्या लावतो की मजल्यावर आमची भाविक म्हणून ख्याती झालीये.

तर अशा सगळ्या सल्ल्यांचं तंतोतंत पालन करून मी भांडुपला घर घेतलं. ब्रोशरमध्ये भांडुप हा शब्द नाही. तिथे 'पवई एक्स्टेंशन' लिहिलंय. बिल्डिंगचं नाव इटालियन आहे. मी, वॉचमन आणि कुरियरवाला ते तीन तऱ्हांनी उच्चारतो आणि तिघंही चुकतो, असं शेजारच्या विंगमधल्या एका मुलीने सांगितलं. ती क्रूझवर कामाला आहे.

वास्तुशांतीचा दिवस ठरला. आत्याचे गुडघे धरलेत, पण येणार म्हणून हट्ट धरून बसली. सकाळी तिचा फोन आला, भांडुप स्टेशनच्या बाहेरून. रिक्षावाले ते इटालियन नाव ऐकून घेत नव्हते. पवई एक्स्टेंशन म्हटल्यावर एकाने तिला पवईला सोडायची तयारी दाखवली, मीटरवर. मंगतराम पेट्रोल पंप सांग, म्हटलं. त्याच्या पुढे कुठे, असं रिक्षावाला विचारत होता. आता इलाज नव्हता. लोकांच्या तोंडी आमच्या एरियाचं जे खरं नाव आहे, ते मी तोपर्यंत नातेवाइकांत कुणालाच सांगितलेलं नव्हतं, गिरगावात तर नाहीच. तिथे त्या नावाचा अर्थ एकच, चंदनवाडीचं स्मशान.

"आत्या," मी म्हटलं, "त्याला सांग, सोनापूर."

फोनवर जरा वेळ नुसते हॉर्न ऐकू आले.

"सोनापूर?" आत्या म्हणाली. "अरे, आमच्याकडे तिथे चार माणसं फुकट पोचवतात. तू कर्ज काढून गेलास?"