पॅक कमरेला, माइक कॉलरला: एवढ्यावर नाटक निभत नाही

रंगमंचावरील नटांना वायरलेस माइक कसा लावावा याबद्दलचा एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: पॅक (माइकचा आवाज रेडिओ लहरींनी पाठवणारी छोटी डबी) कमरेच्या पट्ट्याला अडकवावा, माइक कॉलरला टाचावा, लोंबणारी अँटेना गुंडाळून कपड्यात खोचावी, घामासाठी पॅकवर प्लास्टिकची पिशवी चढवावी, दिवा लाल झाला की बॅटरी बदलावी आणि उरलेले मिक्सरवरचा, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज कमीजास्त करणारा, माणूस सांभाळून घेईल, पाच मिनिटांचे काम आहे, कुणालाही जमते. एका जागी उभे राहून भाषण करणाऱ्या वक्त्यापुरते यातले बरेचसे चालून जाते. नट मात्र पळतो, पडतो, मिठी मारतो आणि दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात सगळा पोशाख बदलतो.

सर्वांत मोठी चूक कॉलरबाबत आहे. कॉलरवरचा माइक धडाबरोबर फिरतो, तोंड मात्र डोक्याबरोबर फिरते. त्यामुळे नटाने शेजारच्या पात्राकडे मान वळवताच त्याचा आवाज पडतो. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घसरते, आणि ती भरून काढायला मिक्सरवर आवाज चढवला की माइक शिट्टी मारू लागतो. शिवाय माइक हनुवटीच्या आडोशाला येत असल्याने ज्या ३ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर व्यंजनांचा स्पष्टपणा अवलंबून असतो तोच तिथे क्षीण पोहोचतो आणि छातीचा घुमारा तेवढा वाढतो. कापडाची खसखस वेगळीच. म्हणून नाटकात माइक कपाळावर केसांच्या रेषेत किंवा कानाजवळ गालावर लावतात, कारण मान कुठेही वळली तरी तिथून तोंडाचे अंतर बदलत नाही.

तसे लावायचे तर वायर केसांतून मागे नेऊन लहान क्लिपांनी धरावी लागते आणि मानेच्या मागे त्वचेला चालणाऱ्या वैद्यकीय चिकटपट्टीने बसवावी लागते. पट्टी लावण्याआधी नटाला हनुवटी छातीला टेकवायला आणि मान दोन्ही खांद्यांकडे पूर्ण वळवायला सांगतात आणि त्या हालचालींना पुरेल एवढी ढील ठेवूनच पट्टी दाबतात. ही ढील विसरली तर नट पहिल्यांदा मान खाली घालतो तेव्हाच माइक केसांत वर ओढला जातो. टोप (विग) असेल तर माइक टोपाखालून कुठे बाहेर काढायचा हे केशभूषाकाराबरोबर आधीच ठरवावे लागते.

कमरेचा पट्टाही सर्वांना लागू नाही. पाठीवर आपटणाऱ्या किंवा दोरीला टांगल्या जाणाऱ्या नटाच्या मणक्यावर कडक डबी ठेवणे धोक्याचे असते. अशा वेळी पॅक लवचिक पट्ट्यात घालून बगलेखाली किंवा मांडीला बांधतात, क्वचित टोपातही लपवतात. निर्णय तालमीतील हालचाली पाहून घ्यायचा असतो. हे काम नटाच्या अंगाशी येऊन करायचे असल्यामुळे त्याची संमती घेणे आणि शक्यतो रोज त्याच सहायकाने ते करणे, याला मी तांत्रिक बाबींइतकेच महत्त्व देतो.

अँटेनेची लांबी शोभेसाठी ठरवलेली नसते. ती रेडिओ लहरीच्या पाव तरंगलांबीएवढी ठेवतात, आणि ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास ती साधारण १२.५ सेंटिमीटर भरते. तेवढी तार गुंडाळली की ती नीट प्रक्षेपण करीत नाही, आणि घामाने ओल्या त्वचेला चिकटली तर उरलेल्या लहरी शरीरच शोषून घेते. ती सरळ, अंगापासून थोडी सुटी आणि माइकच्या वायरपासून वेगळी राहिली पाहिजे. सिग्नल तुटला की पॅकची शक्ती १० वरून ५० मिलिवॉट करा, असेही सुचवले जाते. पण पॅक एकमेकांजवळ आले की त्यांच्या लहरी मिसळून नव्या फ्रिक्वेन्सी तयार होतात (६०० आणि ६०४ मेगाहर्ट्झच्या जोडीतून ५९६ आणि ६०८) आणि शक्ती वाढवल्यावर त्या अधिक प्रबळ होतात. आधी अँटेना तपासावी.

पॅकला पातळ आवरण घालण्याची सूचना योग्यच आहे. तथापि घाम वायरवरून ओघळत थेट सॉकेटपर्यंत जातो, म्हणून सॉकेटच्या आधी वायरला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळतो. पिशवी ज्याला हातच लावत नाही ते संकट माइकच्या तोंडाशी असते: तिथे घामाचा एक थेंब बसला की आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो. कपाळावरच्या माइकच्या जरा वर वायरभोवती बारीक रबरी कडे बसवले तर घाम तिथे अडतो. केसांवर स्प्रे मारताना माइकचे तोंड झाकायचे हे रंगभूषाकाराला सांगून ठेवावे.

बॅटरीबाबत थोडक्यात: पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल मेटल हायड्राइड सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) बराच वेळ जवळजवळ स्थिर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे दिवा लाल होईपर्यंत थांबलात तर हाती फारसा अवधी उरत नाही. प्रत्येक प्रयोगाआधी पूर्ण चार्ज केलेले सेल घालावेत.

राहिला मिक्सर. मिठीच्या प्रसंगात दोन्ही माइक उघडे राहिले तर एकच आवाज किंचित वेळेच्या फरकाने दोनदा पोहोचून पोकळ होतो; तिथे वाक्यागणिक एक माइक बंद ठेवून मिक्सरवरचा माणूस खरोखरच सावरून घेतो. घामाने बुजलेल्या माइकमधून न आलेली व्यंजने मात्र त्याला निर्माण करता येत नाहीत. त्याच कारणाने मोठ्या भूमिकेतील नटाला जमेल तिथे दोन माइक आणि दोन पॅक लावतात: पहिला बुजला की दुसऱ्यावर जायचे आणि नट विंगेत येताच सहायकाने पहिला पुसून, तपासून पुन्हा जागेवर बसवायचा.