‘रेरा आहे, लोन मिळतंय, मग तपासणी कशाला?’ या मेसेजला उत्तर

घर घेणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी "खरंय का हे?" असं विचारत. मजकूर थोडक्यात असा: फ्लॅट घेण्याआधी इंजिनिअर बोलावून तपासणी करणं म्हणजे पैशाची नासाडी. महारेरा नंबर (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडे झालेल्या प्रकल्प नोंदणीचा क्रमांक) आहे म्हणजे सरकारने सगळं तपासलंय. बँक लोन देतेय म्हणजे इमारत पक्की. काही निघालंच तर पाच वर्षं बिल्डर फुकट दुरुस्त करतो. आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, झालेलं असतंच.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि अशा तपासण्या हेच माझं काम आहे, हे आधीच सांगतो. म्हणून नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका. खालचं बहुतेक सगळं तुम्हाला स्वतः पडताळून बघता येईल.

"रेरा नंबर म्हणजे सरकारची हमी." नाही. नोंदणी होते ती बिल्डरने अपलोड केलेल्या कागदांवर आणि त्याच्या प्रतिज्ञापत्रावर. साइटवर येऊन भिंत ठोकून बघणं हे महारेराचं कामच नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं काय झालं ते आठवा. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून रेरा नंबर मिळवले, त्या नंबरांवर घरं विकली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तिथल्या लोकांनी रेरा नंबर बघूनच घरं घेतली होती. त्यांची चूक एवढीच की परवानगी खरी आहे का, हे त्यांनी महापालिकेत जाऊन विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंही नाही. तुम्ही विचारा. बांधकाम परवानगीचा नंबर आणि तारीख घेऊन नगररचना विभागात जा. तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी, ओसी) मागा, आणि त्यात तुमचा मजला आहे का ते वाचा. काही वेळा ते अर्ध्याच इमारतीचं असतं.

"बँकेने तपासलंय." तपासलंय, पण स्वतःसाठी. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो हप्ते थकले तर ही मालमत्ता विकून किती वसूल होईल ते ठरवायला. बाथरूमची गळती त्याच्या रिपोर्टात सहसा नसते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. उरलेले २० टक्के तुमचे. किंमत उतरली की आधी तुमचे पैसे बुडतात, बँकेचे नंतर. आणि घर राहण्यालायक उरलं नाही तरी हप्ता थांबत नाही.

आता पाच वर्षांचा मुद्दा. मेसेजमधला हाच भाग सगळ्यात घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. चांगला कायदा आहे. पण तीन गोष्टी मेसेज लिहिणाऱ्याने सांगितल्या नाहीत.

पाच वर्षं मोजायची ती ताबा दिल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. सात वर्षं जुना रीसेल फ्लॅट घेतलात तर हा हक्क कधीच संपलेला आहे.

दुसरं, अनेक करारांत असं कलम असतं की बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय फ्लॅटमध्ये फेरफार केले आणि त्यातून गळती झाली, तर जबाबदारी संपली. लोक ताबा मिळाला की लगेच इंटिरियरवाल्याला बोलावतात, बाथरूमच्या टाइल्स बदलतात. सहा महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल आली की बिल्डर म्हणतो, तुमच्या माणसाने कोबा (टाइल्सखालचा, पाणी अडवणारा थर) फोडला. फोडला नव्हता हे कसं दाखवणार?

तिसरं, ताब्याच्या पत्रावर "सर्व कामे समाधानकारक आहेत" असं छापलेलं असतं आणि किल्ल्या घ्यायच्या आनंदात माणूस सही करतो. त्या सहीने कायद्यातला हक्क जात नाही, पण पुढे वाद झाला की तोच कागद तुमच्यासमोर धरला जातो.

म्हणून सही करायच्या आधी एक दिवस मागून घ्या. बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी वाहून जायच्या भोकाचं, तोंड कापड आणि प्लॅस्टिकने बंद करा, दोनेक इंच पाणी भरा, २४ तास ठेवा. मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा. फोटो तारखेसह ठेवा. खोल्याखोल्यांत नाण्याने टाइल्स ठोका. नीट बसलेली टाइल खणखणीत वाजते, खाली पोकळी असलेली बद्द वाजते. बद्द वाजलेल्यांवर खडूने फुली मारा. बाथरूमच्या फरशीवर गोटी सोडून बघा, ती ट्रॅपकडे गेली नाही तर ढाळ चुकलाय. सगळं लिहून बिल्डरला ईमेल करा. पाच वर्षांच्या हक्काला धार येते ती या कागदामुळे.

जुन्या फ्लॅटबद्दल. ठाण्यात एका निवृत्त जोडप्यासाठी रीसेल फ्लॅट बघायला गेलो होतो. आत शिरताच ताज्या रंगाचा वास आला. रंग बेडरूमच्या एकाच भिंतीला दिलेला होता, बाथरूमला लागून असलेल्या. मी बाथरूमच्या चौकटीच्या तळाशी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि जोर न लावता तो बोटाच्या पेराएवढा आत गेला. लाकूड कुजून भुसा झालं होतं. कपाट सरकवलं तर मागे रंग पोचलाच नव्हता, गिलाव्यावर लोणा फुटून पांढरी बुरशी दिसावी तसे पोपडे आले होते. काकू खाली बसल्या. टोकन आदल्या दिवशीच दिलं होतं.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. झालं असेलच असं धरून चालू नका, रिपोर्ट हातात मागा. मुंबईत त्यावर सी-१, सी-२ए, सी-२बी की सी-३ असा शेरा असतो. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची इमारत. ऑडिट कॉलम-बीमचं असतं, तुमच्या पाइपांचं नाही, आणि त्या दिवशी जी दारं बंद होती ती घरं बघितलेलीही नसतात. खालच्या मजल्यावर कोणी भिंती-कॉलमशी खेळ केलाय का, हेही विचारा. घाटकोपरची चार मजली सिद्धीसाई इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं.

नवी इमारत म्हणजे निर्धोक, हेही नाही. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली तेव्हा तिला दहा वर्षंही झाली नव्हती. १६ जण गेले.

राहिला पैशाचा मुद्दा. पुण्यात ६० लाखांच्या फ्लॅटला ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार मुद्रांक शुल्क आणि वर ३० हजार नोंदणी फी आपण निमूट भरतो. तपासणीचा खर्च त्या नोंदणी फीच्या शेजारी मांडून बघा. तोही नको असेल तर नाणं, गोटी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः जा, पण जा. आणि टोकन देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या: तपासणीत गंभीर दोष आढळल्यास रक्कम परत. ठाण्याच्या काकूंच्या पावतीवर ती ओळ नव्हती. ५१ हजारांपैकी त्यांना एक रुपयाही परत मिळाला नाही.