ट्रकच्या हीटरची अर्थ पिन तोडायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की ट्रकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘कडाक्याच्या थंडीत डिझेल गाडी एका सेल्फमध्ये चालू, सात देशी उपाय’. वर बर्फात रुतलेल्या ट्रकचा फोटो, खाली ‘प्रत्येक ड्रायव्हर भावापर्यंत पोचवा’. यंदा तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याच्या गाड्या इथे ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्ट नगरात उभ्या असतात. त्यानं ऑनलाइन ब्लॉक हीटर मागवून बसवून घेतला आणि मग मला फोन केला, “मामा, हीटर लावला की ब्रेकर पडतो. मेसेजमध्ये लिहिलंय तशी अर्थची पिन तोडू का?” यानं निदान विचारलं तरी. न विचारता पक्कड घेऊन बसणारे किती असतील, या विचारानं हे लिहितोय.

म्हणून सुरुवात पाचव्या उपायापासून. ‘हीटर लावताच ईएलसीबी पडत असेल तर अर्थची पिन काढून टाका, हीटर मस्त चालेल.’ ईएलसीबी म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा ब्रेकर. बाकीच्या उपायांनी गाडीची वाट लागेल. यानं माणूस मरेल.

ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, कूलंट फिरतं त्या पोकळीत बसवलेलं विजेचं एलिमेंट. ट्रकचं साधारण १००० ते १५०० वॉटचं असतं. आत तार, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, बाहेर धातूचं कवच. कवचाला चीर पडली किंवा सील गेलं की पुडीत ओल शिरते आणि करंट कवचातून ब्लॉकमध्ये, ब्लॉकमधून चासीत उतरतो. अर्थची तार तो वाहून नेते, म्हणूनच ब्रेकर पडतो. पिन तोडली की ब्रेकर पडायचा थांबतो हे खरं आहे, पण करंट गळायचा थांबलेला नसतो. ट्रक रबरी टायरांवर उभा, त्यामुळे करंटला जमिनीत जायला वाट नाही. अख्खी बॉडी २३० व्होल्टवर बसून राहते. पहाटे धुक्यानं ओल्या झालेल्या जमिनीवर उभं राहून क्लीनर दाराच्या हँडलला हात घालतो, तेव्हा ती वाट त्याच्या अंगातून मिळते. ईएलसीबी चांगला असेल तर तेव्हा तरी पडेल. पण कितीतरी शेडमध्ये नुसता एमसीबी, म्हणजे लोड वाढला किंवा शॉर्ट झाला तरच पडणारा ब्रेकर असतो, आणि तो माणसाला लागलेल्या करंटनं पडतच नाही.

ब्रेकर पडतोय म्हणजे दोष आहे. तो शोधायला मल्टिमीटर पुरतो. आधी प्लग सॉकेटमधून काढा. मीटर ओहमवर ठेवून अर्थ सोडून उरलेल्या दोन पिनांना टोकं लावा. २३० व्होल्टचा हीटर १००० वॉटचा असेल तर ५३ ओहमच्या आसपास, १५०० वॉटचा असेल तर ३५ च्या आसपास दिसायला हवं. काहीच दाखवत नसेल तर तार तुटलेली आहे. बहुधा कूलंट कमी असताना किंवा हवा अडकलेली असताना कोणीतरी हीटर लावला असणार. मग एक टोक याच पिनांवर आळीपाळीनं आणि दुसरं इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टवर. इथे काहीही रीडिंग येता कामा नये. आलं तर कॉर्ड हीटरपासून सोडवून दोन्ही वेगवेगळे तपासा, कारण कधीकधी फक्त प्लग किंवा कॉर्ड गेलेली असते. पावसाळाभर पडून राहिलेल्या हीटरमध्ये नुसती ओल धरलेली असू शकते, एवढं मी मान्य करतो. तरी तो वाळवून पुन्हा मोजायचा. पिन मात्र तोडायची नाही.

भाच्याच्या हीटरचं रीडिंग आलं १४ ओहम. लेबलचा फोटो मागवला तर त्यावर १२० व्होल्ट, १००० वॉट. उत्तर अमेरिकेतल्या विजेसाठी बनवलेला माल! तोच आपल्या २३० व्होल्टला लावला की जवळजवळ चौपट, म्हणजे ३७०० वॉटच्या घरात खेचतो, १६ अँपिअर. कवच तडकलं होतंच. बोल्टवरही रीडिंग आलं. पिन तोडली असती तर?

दुसरा उपाय रेडिएटरमध्ये पाणी तापवायची रॉड सोडायचा, ‘देशी ब्लॉक हीटर’ म्हणून. हे लिहिणाऱ्यानं कधी इंजिन उघडून पाहिलेलं नाही. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधली पाण्याची झडप, बंद असतो, तो ८० अंशांच्या आसपास उघडतो. रेडिएटरमधलं तापलेलं पाणी तोवर ब्लॉककडे जातच नाही. तुम्ही रेडिएटर तापवाल, इंजिन गारच राहील. वर प्लॅस्टिकची टाकी वितळेल आणि करंटची भीती वेगळीच.

उरलेल्या उपायांपैकी चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीखाली, शेगडी ठेवायचं पूर्वी चालून जायचं. जुन्या गाड्यांत खाली लोखंडाशिवाय फारसं काही नव्हतं. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत खाली वायरिंग, सेन्सर, युरियाची टाकी आणि हवेच्या ब्रेकचे नायलॉन पाइप आहेत. तो पाइप वितळला तर गाडी चालू होऊनही उपयोग काय? डिझेलमध्ये पेट्रोल मिसळलं की टाकीतली वाफ सहज पेट घेते आणि डिझेलच्याच वंगणावर चालणारा हाय-प्रेशर पंप झिजतो. इनटेकमध्ये ग्रिड हीटर (आत जाणारी हवा तापवणारी जाळी) असलेल्या गाडीत झटकन पेट घेणाऱ्या ईथरचा फवारा मारला तर स्फोट इनटेकमध्येच होतो. हीटर रात्रभर लावून ठेवण्यात वीज जाते, बाकी काही नाही. दोन-तीन तास पुरतात.

सातवा मुद्दा, ‘हीटरनं डिझेल जमत नाही’. डिझेल थंडीत जमतं एवढा भाग खरा आहे, मला नाइलाजानं कबूल करावा लागतो. भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे हिवाळी डिझेलनं ६ अंशांपर्यंत फिल्टर चोंदवू नये, उन्हाळी डिझेलला मर्यादा १८ अंशांची. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा दोन-तीन अंशांवर उतरतो. टाकीत जुनं डिझेल पडून असेल तर फिल्टरमध्ये मेण साचून गाडी अडू शकते. पण ब्लॉक हीटर ब्लॉक तापवतो, टाकी आणि फिल्टर नाही. त्यावर इलाज म्हणजे नोव्हेंबरात जुनं डिझेल संपवणं, फिल्टरखालचं पाणी काढणं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं, कारण गरज तिथे आहे.

इथे ब्लॉक हीटरची गरजच नाही. १५डब्ल्यू-४० ऑइलची सेल्फची चाचणी उणे २० अंशांवर होते, आपल्या थंडीत ते काही गोठत नाही. सकाळी सेल्फ रडत असेल तर पहिला संशय बॅटरीवर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या प्रत्येक बॅटरीला १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती बदला. टर्मिनल घासा, बॅटरीपासून चासीला जाणारी अर्थची केबल आवळा. आणि ज्यांनी हीटरची पिन आधीच तोडली असेल त्यांनी तो प्लग आजच कापून नवा १६ अँपिअरचा थ्री-पिन बसवावा. हीटर मल्टिमीटरनं तपासून होईपर्यंत तो सॉकेटला लावू नये.